चांदी, सीताफळाचा पाला आणि खारट दूध : प्रकल्पाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४

विषय ठरला. सीताफळाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण, म्हणजे जिवाणूहूनही कितीतरी बारीक कण, तयार करायचे आणि दगडी (कासेला सूज येण्याचा रोग) झालेल्या जनावरांच्या दुधात सापडणाऱ्या, औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंवर ते चालतात का ते पाहायचं. सर म्हणाले, "हिरव्या पद्धतीने नॅनोकण हा विषय दरवर्षी चार जण घेतात. पाला बदलतो, बाकी सगळं तेच. तू वेगळं काय करणार?" मी म्हणाले, जिवाणू बाटलीतले नको, आमच्या गोठ्यातले घेते.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यात. घरी एक देवणी जातीची गाय आहे, वानेरा प्रकारची, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. ऑक्टोबरात तिच्या मागच्या उजव्या सडाला दगडी झाली. कास टणक, हात लावू देईना, दुधात गाठी. महिनाभरात दादांनी औषधाच्या दुकानातून तीन वेगवेगळ्या ट्यूब आणून सडात सोडल्या. पहिलीने दोन दिवस उतार पडला म्हणून ती अर्ध्यात थांबवली, दुसरी शेजाऱ्याने सुचवली, तिसरी दुकानदाराने दिली. एकदाही दूध तपासलं नाही. यात दादांचा दोष मी मानत नाही. डेअरीला दूध गेलं नाही तर आठवड्याचा हिशोब बसत नाही आणि तपासणीची सोय जवळपास नाही.

अशा अर्धवट मात्रांतूनच चिवट जिवाणू मागे उरतात. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच २०१९ साली आपल्या सरकारने कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं औषध जनावरांना, कोंबड्यांना आणि त्यांच्या खाद्यात द्यायला बंदी घातली. गोठा आणि दवाखाना यांच्यात भिंत नाही, हे तेव्हा कागदावर आलं.

१ डिसेंबर

पाला आणला. बांधावरच्या दोन झाडांचा, जून पण न पिवळलेला. आता नाही तोडला तर नंतर मिळणार नाही, माघ-फाल्गुनात सीताफळ पानं टाकतं. आधी विहिरीच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन माळवदावर सावलीत पसरला.

सीताफळ का, याचं उत्तर सरांना मी पुस्तकातलं दिलं होतं: पानांत पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, ते चांदीच्या आयनला इलेक्ट्रॉन देतात आणि कणांभोवती आवरण धरतात. खरं उत्तर मायने दिलं. पाला पसरताना म्हणाली, "बैलाच्या खांद्यात किडे पडले की तुझा आजा हाच पाला वाटून घालायचा. शेळीबी तोंड लावत न्हाई ह्याला. काहीतरी हाय त्याच्यात." शेळी रुईसुद्धा चाखून बघते, सीताफळाला मात्र वळसा घालून जाते. मी वहीत दोन्ही उत्तरं लिहिली आहेत.

९ डिसेंबर

पहिला प्रयत्न बिघडला.

वाळलेल्या पाल्याची पूड १० ग्रॅम, पाणी १०० मिली, ८० अंशावर वीस मिनिटं, गाळणी कागदातून गाळून पिवळसर अर्क. सिल्व्हर नायट्रेट १ मिलिमोलर, म्हणजे १०० मिलीत १७ मिलिग्रॅम. तराजूवर १७ मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतले चार खडे. विरघळायला पाण्यात टाकले आणि पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. अर्क अजून घातलाही नव्हता.

कारण पाण्यात. आमच्या डिस्टिलेशन युनिटची कॉईल क्षार साचून गेल्या आठवड्यात जळाली. म्हणून मी कॅनमधलं पिण्याचं पाणी वापरलं, ते स्वच्छच असतं या समजुतीने. पण त्यात क्लोराइड उरतं. चांदीचा आयन आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइड, न विरघळणारा पांढरा साका. बारावीच्या प्रॅक्टिकलला क्लोराइड ओळखायची हीच चाचणी होती. तिथे तो साका दिसल्यावर गुण मिळायचे, इथे १७ मिलिग्रॅम चांदीचं मीठ वाया गेलं.

आमच्याकडच्या पाण्याचा स्वभाव मला माहीत असायला हवा होता. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून आमच्या पिढीला पाणी किती आहे तेच विचारायची सवय. पाण्यात काय आहे, हे विचारायचं राहून जातं.

बोटांवर काळे डाग पडलेत, हातमोजा फाटका निघाला. आठवडाभर जाणार नाहीत.

१२ डिसेंबर

रसायनशास्त्र विभागातून पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर मिळालं. आधी त्यातल्या थोड्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहिले. नितळ. मग काम.

९० मिली सिल्व्हर नायट्रेट, १० मिली अर्क, फ्लास्कला काळा कागद, ६० अंशाच्या वॉटरबाथमध्ये. थंडी असल्याने नुसतं टेबलावर ठेवलेल्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये तासभर काहीच हललं नाही. बाथमधला मात्र दहा मिनिटांत पिवळा, वीस मिनिटांत चहासारखा, चाळीस मिनिटांनी काकवीसारखा. उजेडाकडे धरला की कडेला लालसर झाक. मी तो फ्लास्क किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे, मॅडमनी हाक मारली तेव्हा भानावर आले.

रंगाचं कारण असं: चांदीच्या इतक्या बारीक कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक लहरीला एकत्र झुलतात आणि तेवढा प्रकाश शोषतात. ४०० ते ४५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींदरम्यान शोषणाचं शिखर आलं तर चांदीचे नॅनोकण झाले असं मानतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर माझं शिखर ४३६ ला आलं. नुसत्या अर्काला तिथे शिखर नाही, नुसत्या सिल्व्हर नायट्रेटलाही नाही.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. माझा जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा. कण वीसचा निघाला तर जिवाणूच्या पन्नासाव्या हिश्श्याचा.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

आज लातूर जिल्ह्यात प्रयोगशाळाच काय, गावातसुद्धा कुणी सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा, भज्जी, उंडे, आंबील. मी बर्फाचा डबा आणि निर्जंतुक नळ्या घेऊनच गेले होते. शेवटची ट्यूब सोडून तीन आठवडे उलटलेत, त्यामुळे आता नमुना घेण्यात अर्थ आहे.

आधी सर्फाची चाचणी केली. सडागणिक चार वाट्यांत दूध आणि तेवढंच कपडे धुण्याच्या पावडरचं तीन टक्के द्रावण, आणि वाटी गोल फिरवायची. तीन वाट्यांत पातळच राहिलं. चौथीत चिकट लोळ तयार झाला, वाटी कलंडली तरी एकत्रच सरकणारा. दुधात सूज आल्यावर उतरलेल्या पांढऱ्या पेशी साबणाने फुटतात, त्यांचा डीएनए दाट होतो, त्याचा तो लोळ. दादा वाकून बघत होते. "एवढ्यात कळतंय?" म्हणाले. कळतंय, आणि दोन रुपयांत कळतंय.

मग नमुना. सड धुतला, कोरडा केला, ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने टोक पुसलं, पहिल्या तीन धारा टाकल्या आणि नळी आडवी धरून चौथी धार आत घेतली. गाय शांत राहिली. चुलत्यांच्या म्हशीलाही दगडी आहे, तिचाही नमुना घेतला. माय म्हणाली, "सणाच्या दिवशी दगडीचं दूध घेऊन चाललीस." पण डबा तिनेच पोत्यात गुंडाळून दिला.

६ जानेवारी २०२५

गायीच्या नमुन्यातून बेअर्ड-पार्कर माध्यमावर काळ्या, चकचकीत, भोवती स्वच्छ कडं असलेल्या वसाहती. ग्रॅम रंगात जांभळे गोळे, द्राक्षाच्या घडासारखे. कोॲग्युलेज नळीत प्लाझ्मा गोठला. स्टॅफिलोकोकस ऑरियस. म्हशीच्या नमुन्यातून ईएमबी माध्यमावर हिरवी धातूसारखी चमक, ई. कोलाय. जिवाणूंच्या नळ्यांवर नावं टाकली: गाय-१ आणि म्हैस-१.

गाय-१ ची औषधचकत्यांची चाचणी आज वाचली. चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत तो नितळ गोल म्हणजे कडं. औषध चाललं की नाही हे ठरवणारं माप प्रत्येक औषधाचं वेगळं. पेनिसिलिनला कडंच नाही. टेट्रासायक्लिन १० मिमी. सिप्रोफ्लॉक्सासिन १४. सेफॉक्सिटिन १८. जेंटामायसिन १९.

सेफॉक्सिटिनचा आकडा मी तीनदा मोजला. ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीला २१ किंवा त्याखाली आलं तर तो मेथिसिलिनला न जुमानणारा, म्हणजे एमआरएसए, धरतात. सोबत लावलेल्या एटीसीसी २५९२३ या प्रमाणित जिवाणूला २६ आलं, ते २३ ते २९ च्या आत आहे, म्हणजे चकती आणि माध्यम दोन्ही ठीक. दोष आकड्यात नाही, जिवाणूतच आहे. जनुकाची चाचणी आमच्याकडे होत नाही, म्हणून वहीत 'संशयित एमआरएसए' एवढंच लिहिलं. सरांनी लगेच सांगितलं: यापुढे गाय-१ चं काम ते हजर असतानाच, लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात), आणि प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

रात्री घरी फोन केला. त्या सडाचं दूध वासराला पाजू नका, गोठ्यात सांडू नका, ती गाय सगळ्यात शेवटी पिळा, हात साबणाने धुवा, घरचं दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका. दादा गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या तिन्ही ट्यूब वाया गेल्या?" दोन तरी नक्कीच वाया गेल्या होत्या. त्यांतली औषधं आज माझ्या प्लेटवर हरली होती.

८ जानेवारी

चाचणीचा कागद पशुवैद्यकीय डॉक्टरांना नेऊन दिला. त्यांनी तो नीट वाचला, जेंटामायसिनखाली रेघ मारली आणि म्हणाले, असा कागद हातात असला तर मला अंदाजाने औषध द्यावं लागत नाही. प्लेटवर चाललेलं औषध कासेत तितकंच पोचेल असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं.

२० जानेवारी

कणांची पहिली चाचणी. म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम), मॅकफर्लंड ०.५ इतकं गढूळ द्रावण (मिलीत साधारण पंधरा कोटी जिवाणू), ६ मिमीची भोकं, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर. अठरा तासांनी:

गाय-१: नॅनोकण १४ मिमी, सिल्व्हर नायट्रेट १५, अर्क शून्य, पाणी शून्य.
म्हैस-१: नॅनोकण १६, सिल्व्हर नायट्रेट १७, अर्क शून्य, पाणी शून्य.

पेनिसिलिनला जागचा न हललेला जिवाणू इथे १४ मिमीचं कडं सोडून मागे सरला होता. गढूळ पसाऱ्यात नितळ गोल, कडा रेखीव. मला रडू आलं हे नोंदवून ठेवते.

सरांनी प्लेट उजेडाकडे धरली, पाहिली आणि विचारलं, "मारलं कुणी? कणांनी, की कण न झालेल्या चांदीने?" सिल्व्हर नायट्रेटचं कडं कणांपेक्षा मोठं आहे. माझ्या काकवीत, म्हणजे त्या तपकिरी द्रावणात, न बदललेले चांदीचे आयन उरले असतील तर हे कडं त्यांचंच असू शकतं. आधीच्या तीन प्रकल्पांच्या वह्या काढून पाहिल्या, एकातही हा प्रश्न विचारलेला नाही.

२४ जानेवारी

उत्तर माझ्या डिसेंबरच्या चुकीत होतं. उरलेली चांदी ओळखायची तर मीठ घालायचं.

काकवी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर वीस मिनिटं सेंट्रिफ्यूज केली. तळाशी काळपट गाळ, वर फिकट पिवळं पाणी. त्या वरच्या पाण्यात मिठाच्या द्रावणाचा एक थेंब टाकला. लगेच पांढुरकं. म्हणजे आयन उरले होते. ते वरचं पाणी प्लेटवर लावलं तर गाय-१ ला ११ मिमीचं कडं!

गाळ डिस्टिल्ड वॉटरने धुतला, पुन्हा फिरवला. दुसऱ्या धुण्याच्या पाण्यात थेंबाने किंचित धूसर, तिसऱ्यात नितळ. धुतलेले कण पुन्हा लावले.

२६ जानेवारी

ध्वजवंदन करून प्लेटा वाचल्या. धुतलेले कण: गाय-१ ला ११, म्हैस-१ ला १३. कडं लहान झालं, पण गेलं नाही. हे कडं मला चौदापेक्षा जास्त मोलाचं वाटतं, कारण हे कुणाचं आहे ते आता सांगता येतं.

कडं लहान दिसण्याला आणखी एक कारण आहे. कण अगरमधून आयनांसारखे सरकत नाहीत, भोकाजवळच अडकतात. म्हणून कड्याच्या मापावरून चांगलं-वाईट ठरवणं फसवं. प्रवाही माध्यमात, जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा काढायला हवी.

३ फेब्रुवारी

रात्री सहा तास लाईट नव्हती. इनक्युबेटर थंड. सगळ्या प्लेटा टाकल्या, पुन्हा लावल्या.

१५ फेब्रुवारी

किमान मात्रा. आधी साठ्याची तीव्रता ठरवली: ५ मिली साठा वजन केलेल्या बशीत वाळवला, २.६ मिलिग्रॅम भरला. म्हणजे मिलीत ५२०, सोयीसाठी पातळ करून ५१२ मायक्रोग्रॅम. या वजनात पाल्याचं आवरणही आलं, निव्वळ चांदी यापेक्षा कमीच.

९६ भोकांची प्लेट, २५६ पासून निम्मं-निम्मं करत. दुसऱ्या दिवशी रेझाझुरिन घातलं. जिवंत पेशी असतील तिथे निळ्याचा गुलाबी होतो. गाय-१ च्या रांगेत १६ पर्यंत निळं, ८ पासून गुलाबी. म्हैस-१ ला ८ पर्यंत निळं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच.

ई. कोलाय आधी का मरतो? त्याची पेशीभित्तिका पातळ, स्टॅफिलोकोकसची अनेक थरांची जाड. चांदीचा मारा एका जागी नसतो: पेशीपटल सच्छिद्र होतं, गंधक असलेल्या प्रथिनांना आयन चिकटून ती निकामी होतात, आत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, डीएनएलाही धक्का बसतो. पेनिसिलिन एका कुलपाची किल्ली, जिवाणूने कुलूप बदललं की संपलं. चांदी दार, खिडक्या, चूल सगळीकडे हात घालते. म्हणूनच ती जुनी असूनही कामाची राहिली. १८८१ च्या सुमारास जर्मनीत क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली, आणि भाजलेल्या जखमेवरचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम तर अजून प्रत्येक दवाखान्यात आहे.

मॅडमनी मात्र जागं केलं. १९७५ मध्येच अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला नोंदवला गेला आहे. चांदीला जिवाणू सरावत नाहीत, असं वाक्य प्रबंधात लिहायचं नाही. मी लिहिलं होतं, खोडलं.

२७ फेब्रुवारी

विद्यापीठातून क्ष-किरण विवर्तनाचा आलेख आला. ३८.१, ४४.३, ६४.४, ७७.४ अंश, चारही शिखरं चांदीच्या स्फटिकाची. शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार सुमारे १८ नॅनोमीटर. (कणाचा आकार नव्हे. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात.)

पण ३२.२ आणि ४६.२ ला दोन बारकी शिखरं जास्तीची. तक्ता काढून पाहिलं: सिल्व्हर क्लोराइड. पाणी तर या वेळी तपासलेलं होतं. म्हणजे क्लोराइड पाल्यातूनच आलं. आमच्या मातीतलं, विहिरीच्या पाण्यातलं मीठ झाडात जाणारच. मीठ काही माझी पाठ सोडत नाही.

६ मार्च

आज मन लागत नाही.

आतापर्यंतचं सगळं रस्स्यात, म्हणजे म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये. पण गाय-१ ब्रॉथमध्ये राहत नाही, दुधात राहतो. डॉक्टरांचं ते वाक्य आठवून मी हीच चाचणी निर्जंतुक केलेल्या साय काढलेल्या दुधात लावली. दुधात रंग वाचणं अवघड, म्हणून प्रत्येक भोकातला थेंब अगरवर ठेवून वाढ पाहिली.

ब्रॉथमध्ये १६ ला थांबणारा गाय-१ दुधात १६ ला भरगच्च वाढला. ३२, ६४, १२८ ला तसाच. २५६ ला थोडा विरळ, पण वाढलाच. नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचंही तेच.

कण दुधात घातल्यावर पिवळसर तपकिरी रंग तासाभरात राखाडी पडला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. कण एकमेकांना चिकटून गोळा झाले.

११ मार्च

दोन दिवस घरी होते. माय धार काढत होती, मी शेजारी बसून मार्चच्या निकालाचं रडगाणं सांगत होते. केसीन आयनांना धरून ठेवतं, गंधकाची प्रथिनं धरून ठेवतात, दुधात लिटरला सुमारे एक ग्रॅम क्लोराइड असतं, ते चांदीला साक्यात नेतं. माय म्हणाली, "आणि दगडीचं दूध तर आणखी खारट. वासरूबी दोन चुळा घेऊन सोडतंय."

तिचं बरोबर आहे. कास सुजली की रक्त आणि दूध यांच्यामधला पडदा गळका होतो, रक्तातलं सोडियम-क्लोराइड दुधात उतरतं आणि दूध खारट होतं. म्हणजे चांदीला जिथे लढायचं आहे तिथेच तिला बांधून टाकणारं मीठ सगळ्यात जास्त. माझं साय काढलेलं निरोगी दूध तरी सौम्य होतं, आजारी कासेत याहून वाईट होईल.

नोव्हेंबरात मी मनाशी धरलं होतं की ही काकवी एक दिवस ट्यूबमध्ये भरून सडात सोडता येईल. तो विचार आज सोडला. सडात सोडलेली चांदी दुधात उतरेल, ते दूध कुणीतरी पिईल, हाही प्रश्न होताच. मी तो पुढे ढकलत होते.

गायीचं सांगायचं तर सूज उतरली आहे. तीन सड चांगले. मागचा उजवा गेला, त्यातून आता पाण्यासारखं थोडंसं येतं. डॉक्टर म्हणाले तो आटवायचा.

२२ मार्च

म्हैस-१ चांदीला सरावतो का ते पाहायला त्याला कणांच्या किमान मात्रेच्या निम्म्यात रोज नव्या ब्रॉथमध्ये वाढवत दहा फेऱ्या केल्या. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं आहे की असं वारंवार चांदीच्या कणांत राहिलेले ई. कोलाय फ्लॅजेलिन हे प्रथिन बाहेर सोडून कणांचे गोळे करतात आणि वाचतात. जनुक बदलावं लागत नाही. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने ते फ्लॅजेलिन रोखता आलं, हेही त्यांनीच दाखवलं.

माझी किमान मात्रा ८ वरून १६ झाली. एका पायरीचा फरक या चाचणीत चुकीनेही येतो, म्हणून 'सरावला' असं म्हणत नाही. पण शेवटच्या नळीच्या तळाशी राखाडी गाळ होता आणि पहिलीच्या तळाशी नव्हता. फोटो काढून ठेवलाय.

५ एप्रिल

कासेच्या आत नाही, तर सडाच्या कातडीवर? धार काढल्यावर सडाचं तोंड काही काळ उघडं राहतं, जिवाणू तिथूनच शिरतो. म्हणून धारेनंतर आयोडिनच्या द्रावणात सड बुडवतात. तिथे दूध थोडं, मीठ थोडं.

खाटकाकडून बकऱ्याचं कातडं आणून केस काढले, धुऊन अल्कोहोलने पुसले, चौकोनी तुकडे केले, त्यावर गाय-१ लावला. आयोडिनने एका मिनिटात साफ केलं. माझ्या कणांना तास लागला. चार तासांनी त्याच तुकड्यांवर पुन्हा जिवाणू लावले तेव्हा आयोडिनच्या तुकड्यावर बऱ्याच वसाहती आल्या, चांदीच्या तुकड्यावर मोजक्या. फक्त तीन-तीन तुकडे, एकच दिवस. इतक्यावर काही ठरत नाही, पण पुढे करण्यासारखं हेच आहे.

घरी मी आयोडिनच सांगितलंय. पेला आणून दिला. दादा रोज दोन्ही वेळा सड बुडवतात, म्हशीचेसुद्धा.

१९ एप्रिल

प्रबंध दिला. 'निष्कर्ष' या प्रकरणात दुधाचा तक्ता पहिला ठेवला, प्लेटवरच्या कड्यांचे फोटो नंतर. सरांनी क्रम बदलायला सांगितला नाही.

ज्युनिअरसाठी: गाय-१ आणि म्हैस-१ ग्लिसरॉलमध्ये उणे २० ला, डाव्या खणात, लाल टोपणाच्या नळ्या. सरांच्या परवानगीशिवाय काढायच्या नाहीत. पाल्याची पूड ४० ग्रॅम उरली आहे, डब्यावर तारीख आहे, बांधावरच्या झाडांना आता नवी पालवी फुटतेय पण ती कोवळी वापरू नकोस. पाणी कुठलंही असो, आधी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघ. कण धुतल्यावर वरच्या पाण्यात मिठाचा थेंब टाक, नितळ राहीपर्यंत धू. चांदीचं सांडपाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही. खिडकीखाली तपकिरी बाटली आहे, तिच्यात मीठ घालून साका खाली बसवलाय. वरचं पाणी काढ, साका जपून ठेव, त्यात पाच महिन्यांची चांदी आहे. गाईच्या मागच्या उजव्या सडाचा पुढचा नमुना ती व्यायल्यानंतर घ्यायचा आहे, दादांचा नंबर मी तुला दिला आहे, धारेच्या वेळेआधी फोन कर.